आखाजीच्या बंद तारखा

सकाळी आक्काबाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या, पंप टाकीत पाणी चढवत होता, आणि देवपुरातल्या त्या घराच्या जिन्यावर बसून प्रेमराज, त्यांचा मुलगा, चहा पीत दोन वेबसाइटांची एकमेकींशी ओळख करून देत होता. वरच्या मजल्यावरची खोली तो दोन्हींवरून पाहुण्यांना भाड्याने देई. एकीवर एखादी तारीख भाड्याने गेली की दुसरीवर आपोआप बंद व्हावी, म्हणून त्याने कॅलेंडरं जोडली. खात्रीसाठी अक्षय्य तृतीयेचे, म्हणजे आखाजीचे दिवस एकीवर बंद केले. तसेही ते दरवर्षी माहेरी येणाऱ्या बहिणीचे, दिपमालाचेच होते. दुसरीवरही ते बंद झाले. दोन व्याह्यांत समेट घडवल्याचे समाधान त्याला वाटले.

दुपारी पारोळ्याहून दिपमालाचा फोन आला.

"भाऊ, जावेला खोलीचे फोटो दाखवत होते. आखाजीला खोली गेलेली दिसतेय."

"अगं, तुझ्यासाठीच बंद केलीय."

"तिथं माझं नाव नाही. जाऊ म्हणते, भाड्यापायी भावानं बहिणीचे दिवस विकले. राहू दे, आखाजीचा झोका मी इथं सासरीच बांधते."

"थांब, उघडतो. आता बघ."

"बंदच आहे," म्हणत तिने फोन ठेवला.

प्रेमराजने पुन्हा तारखा उघडल्या. त्या पुन्हा मिटल्या. पहिली वेबसाइट दुसरीच्या सांगण्यावरून खोली गेली म्हणत होती, आणि दुसरी पहिलीच्या. एकमेकांच्या भरवशावर शपथ घेणारे दोन साक्षीदारच जणू! हे कोडे त्याला इतके आवडले की बहीण रुसली आहे, हे तो काही वेळ विसरलाच.

"काय करी ऱ्हायना रे?" फोनवरचे बोलणे ऐकलेल्या आक्काबाईंनी विचारले.

"आई, दोघी एकमेकींचं ऐकून अडून बसल्यात. मूळ कारण कुणाकडेच नाही."

"पोर तठे रुसेल शे, नि तू आठे फोनले समजाडी ऱ्हायना. तिले बलायं का तू?"

प्रेमराजने फोन खिशात टाकला. दोन्ही वेबसाइटांना त्याने कळवले होते. बहिणीला बोलावणे कळवायचे राहिले होते.

तारखा तशाच ठेवून त्याने मोटारसायकल काढली. वाटेत कुठे फोन केला नाही.

पारोळ्याला दिपमालाने दार उघडले, पण वाट सोडली नाही.

"समजावायला आलास की घ्यायला?"

"घ्यायला."

ती आत गेली आणि लगेच भरलेली बॅग घेऊन बाहेर आली. बॅग कधी भरली, हे प्रेमराजने विचारले नाही.