साळवेबाईंची कोरी नाणी

आमच्या मुलुंड पूर्वेच्या बिल्डिंगमधल्या साळवेबाईंना स्टँडवरचे सगळे रिक्षावाले ओळखतात, आणि ओळखतात म्हणूनच थांबत नाहीत. बाई मीटरप्रमाणे पैसे देतात, सुटे परत घेतात आणि उतरायच्या ऐवजी पर्समधून भिंग काढतात. एकेक नाणं उलटसुलट करून वर्ष वाचतात, मग वर्षाखालची खूण वाचतात. मागे हॉर्न सुरू होतात. रिक्षावाला म्हणतो, "मावशी, असली है!" बाई मान वर न करता म्हणतात, "असली आहे ते मलाही दिसतंय. कुठली आहे ते बघते."

खुणांचं प्रकरण मला त्यांनीच शिकवलं. वर्षाच्या खाली बारीकशी चौकटीच्या आकाराची टिकली असली तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असली तर हैदराबादचं, नुसतं टिंब असलं तर नोएडाचं. काहीच नसलं तर कलकत्त्याचं. हे ज्ञान बाई नाण्यांपुरतं ठेवत नाहीत, ही अडचण. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मीटिंगमध्ये पाऊण तास बोलून खाली बसले, तेव्हा बाई माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "कलकत्त्याचा आहे रे हा. कसली खूणच नाही."

विमल साळवे हे त्यांचं पूर्ण नाव. वडील जालन्याकडून येऊन भांडुपच्या एका कारखान्यात लागले आणि एका खोलीत त्यांनी पाच मुलं शिकवली. बाई सगळ्यांत मोठ्या. महापालिकेच्या शाळेत त्या क्लार्क म्हणून लागल्या, हेडक्लार्क होऊन रिटायर झाल्या. मधल्या काळात चारही भावंडांची लग्नं लावून दिली. स्वतःचं राहिलं. माझ्या बायकोने, प्राचीने, एकदा धीर करून कारण विचारलं.

"स्थळं आली ना गं," बाई म्हणाल्या. "पण सगळी चलनातली. जपून ठेवावं असं एक नव्हतं."

बाईंचा जीव आहे तो नव्या नाण्यांवर. जुनी नाणी जमवणारे पुष्कळ असतात. बाई जमवतात ती आत्ता, परवा, गरमागरम निघालेली स्मारक नाणी. कुणाची शताब्दी, कुठल्या संस्थेची पंचाहत्तरी असं काही निमित्त असलं की टांकसाळ मोजकी नाणी पाडते. ती बाजारात येत नाहीत. आधी नाव नोंदवायचं, दर्शनी किमतीच्या कितीतरी पट पैसे भरायचे आणि कुरियरची वाट बघत बसायचं. मग मखमली डबीत ठेवलेलं, आरशासारखं चकचकीत नाणं घरी येतं. त्याने कोथिंबिरीची जुडीदेखील घेता येत नाही. बाईंचा प्रश्न एकच असतो, "किती पाडलीत?" आकडा लहान असला, म्हणजे त्यांच्या भाषेत 'लो मिंटेज', की त्यांच्या चेहऱ्यावर नव्या नवरीसारखं तेज चढतं.

माझ्या मुलीच्या बारशाला बाई आल्या. पाळण्यात वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग प्राचीला म्हणाल्या, "किती पाडलीत?"

प्राची गोंधळली. "एकच आहे ताई."

"पुन्हा पाडणार?"

"नाही हो ताई!" प्राची लाजून लाल झाली. तिच्या सासूबाई, म्हणजे माझी आई, सोफ्यावरून ऐकत होती.

"मग जपा," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "लो मिंटेज आहे."

त्यांच्या घरात नाणी बघायला जाणं म्हणजे ऑपरेशन थिएटरात जाण्यासारखं. आधी हात धुवायचे. मग सुती हातमोजे. मग तोंडाला मास्क, कारण बोलताना उडालेला थुंकीचा एक थेंब नाण्यावर पडला तर कायमचा डाग. कोरोनात अख्खी मुंबई मास्क लावून फिरायला लागली तेव्हा बाई गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या, "मी इतकी वर्षं काय सांगत होते?" नव्या बुटांच्या खोक्यात, औषधांच्या बाटलीत ओल शोषायच्या त्या छोट्या पुड्या असतात ना, त्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी फेकत नाही. त्या तिसऱ्या मजल्यावर साळवेबाईंकडे पोचवायच्या. मुंबईची दमट हवा आणि बाई यांच्यातल्या युद्धाला सगळी बिल्डिंग दारूगोळा पुरवत असते.

मुलीच्या जन्माच्या वर्षी बाईंनी मलाही गळाला लावलं. "तिच्या नावाने एक सेट घे. मोठी झाली की आशीर्वाद देईल." मी घेतला. हातमोजे घालून कपाटात ठेवला. दोन वर्षांनी आमचं वॉशिंग मशीन कायमचं बंद पडलं आणि प्राची म्हणाली, "तो तुझा आशीर्वाद विकून बघ ना जरा."

घाटकोपर पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली नानजीभाईंचं नाण्यांचं दुकान होतं. बाईंच्या तोंडी हे नाव मी अनेकदा ऐकलं होतं, नेहमी रागाने. बाईंना न सांगता मी तिथे गेलो. पांढरा शर्ट, जाड चष्मा, सत्तरीचे कच्छी गृहस्थ. त्यांनी माझी डबी उघडली, लगेच मिटली आणि मी भरलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी आकडा सांगितला.

"पण शेठ, किती कमी पाडलीत ही!" माझ्या तोंडून आपोआप निघालं.

नानजीभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "विमलबेनच्या बिल्डिंगचे का तुम्ही?"

मग त्यांनी काचेखालून एक जुना आणा काढला. "हे बघा. हे लाखोंनी पाडलं. लोकांनी खर्च केलं, हरवलं, वितळवलं, मुलांनी पटरीवर ठेवून चपटं केलं. आता असं चांगलं एक शोधून दाखवा. आणि हे तुमचं, थोडंच पाडलं, बरोबर. पण एक तरी हरवलं? सगळी डबीत झोपली आहेत. ज्यांना पाहिजे होतं त्यांनी सगळ्यांनी घेतलं, आता घेणारा कोण? नाणं हरवावं लागतं भाई, मग त्याला किंमत येते."

मी तणतणत मुलुंडला आलो आणि थेट बाईंची बेल वाजवली. सगळं ऐकून त्या संतापल्या खऱ्या, पण भलत्याच गोष्टीवर.

"नानजीकडे गेलास? मला न सांगता?"

"ताई, तो प्रश्नच नाही—"

"तोच प्रश्न आहे. शनिवारी चल माझ्याबरोबर. बघते त्याला."

शनिवारी दुपारी चारला आम्ही गेलो. दुकानासमोर एक स्टूल पुसून ठेवलेलं होतं. बाई त्याच्यावर अशा बसल्या की जणू शाळेतलीच खुर्ची. न सांगता कटिंग चहा आला, बाईंचा बिनसाखरेचा. बाईंनी पर्समधून नवीन डबी काढून काचेवर ठेवली. नानजीभाईंनी ती उघडलीदेखील नाही.

"आणलं परत खेळणं?"

"खेळणं? तुमचा हा आणा जन्मला तेव्हा जुनाच होता वाटतं?"

"जुना नव्हता. पण कामाला जात होता. तुमचं नाणं कधी कामाला गेलंय? बेकार आहे ते, विमलबेन. बापाच्या पैशावर बसून आहे."

"अहो, तेव्हा हजार जणांनी उधळला असेल, पण कुणा एका शहाण्याने नवा होता तेव्हाच बाजूला काढून जपला, म्हणून आज तुमच्या काचेत चमकतोय. तो शहाणा माझ्यासारखाच असणार. त्यालाही तेव्हा कुणीतरी नानजी हसला असेल!"

चार-पाच गिऱ्हाइकं खरेदी विसरून ऐकत उभी होती. शेजारचा पानवाला मला म्हणाला, "पंद्रह साल से चालू है. रोकना मत, अभी टाइम है." साडेपाचला बाई उठल्या, डबी पर्समध्ये टाकली. ना त्यांनी काही विकलं, ना काही घेतलं. येताना बसमध्ये त्या इतक्या खूश होत्या की मी माझा सेट विकायचा विषयच काढला नाही. तो अजून कपाटात आहे. वॉशिंग मशीन हप्त्यावर घेतलं.

त्यानंतर वर्षभराने असेल. बाई अचानक गप्प झाल्या. खालच्या मजल्यावरच्यांनी पुड्या आणून दिल्या तर दार उघडून नुसत्या घेतल्या, एक शब्द नाही. तीन-चार दिवसांनी संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"नानजीचं दुकान बंद आहे," त्या म्हणाल्या. "तीन शनिवार झाले. पानवाला म्हणतो अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. घरी आणलंय."

"मग भेटून या ना ताई."

"कशी जाऊ?" बाई एकदम चिडल्या. "घरी कधी गेलेय मी त्याच्या? दारात कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगू?"

हेडक्लार्क म्हणून ज्यांनी भल्याभल्या अधिकाऱ्यांना सही करायला उभं केलं होतं, त्या बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मी येतो बरोबर."

पानवाल्याकडून नानजीभाईंच्या घरचा पत्ता घेऊन आम्ही गेलो. इमारत जुनीच, लिफ्ट नव्हती. चौथा मजला. दार सुनेने उघडलं. हेतल तिचं नाव. तिने बाईंकडे प्रश्नार्थक बघितलं.

"मी... गिऱ्हाईक आहे," बाई म्हणाल्या.

हेतलचा चेहराच बदलला. "तुम्ही शनिवारवाळा बेन ना? या ना, आत या! पप्पा शनिवारी घरी आले की जेवताना तेच सांगायचे, आज बेन असं बोलली, मी असं बोललो."

बाई आत गेल्या. नानजीभाई भिंतीकडच्या पलंगावर उशांना टेकून होते. उजवा हात पांघरुणावर नुसता ठेवल्यासारखा. तोंड एका बाजूला ओढलेलं. बाईंना बघून त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी मान फिरवली. बाईंनी ते पाहिलं नाही असं दाखवलं. स्टूल ओढलं, पर्स उघडली आणि डबी काढून पांघरुणावर ठेवली.

"हे बघा. कालच आलं."

आणि त्या थांबल्या. खोलीत पंख्याचा आवाज. जिथे नानजीभाईंनी बोलायचं, ती जागा रिकामी होती. बाईंनी थोडी वाट पाहिली, घसा खाकरला आणि चक्क नानजीभाईंच्या थाटात म्हणाल्या, "आणलं परत खेळणं?" मग आपल्या आवाजात, "खेळणं म्हणू नका, सांगून ठेवते!"

अशा रीतीने पाऊण तास बाई दोन्ही बाजूंनी भांडल्या. नानजीभाईंची बाजू त्यांना स्वतःच्या बाजूपेक्षा चोख पाठ होती. एकदा त्यांनी शेठचा एक मुद्दा जरा मऊ केला तर पलंगावर डाव्या हाताची मूठ आपटली. "बरं, बरं," बाई म्हणाल्या, "कमी नाही करत तुमचं," आणि तोच मुद्दा कडक करून पुन्हा मांडला. हेतल दारात उभी राहून डोळे पुसत हसत होती. डॉक्टरांनी सांगितलंय, सारखं कुणीतरी बोलत राहा त्यांच्याशी, ती म्हणाली.

बाई दर शनिवारी जायला लागल्या, एकट्या. मला पुन्हा नेलं ते पाच-सहा आठवड्यांनी, आंब्याची पेटी उचलायला. नानजीभाई आता खुर्चीत बसत होते, पण शब्द फुटत नव्हता. बाईंनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. मग अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाल्या, "आज नानजीभाई काय म्हणतात, माहीत आहे? ते म्हणतात, विमलबेन, तुमचं बरोबर आहे. नवी नाणीच खरी. मी इतकी वर्षं उगाच वाद घातला."

नानजीभाईंचा चेहरा लाल झाला. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटू लागला. ओठ हलले, थरथरले, आणि त्यातून मोठ्याने, वाकडातिकडा, पण स्पष्ट कळेल असा शब्द आला.

"खो... खोटुं!"

स्वयंपाकघरातून हेतल लाटणं घेऊनच धावत आली. तिच्यामागे तिचा नवरा. "पप्पा, काय बोललात? पुन्हा बोला!"

"खोटुं!" नानजीभाई बाईंकडे बोट दाखवून ओरडले. "खोटुं! खोटुं!"

"मग खरं काय ते तुम्हीच सांगा," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी किती दिवस दोघांचं बोलू? घसा बसला माझा."

घरात रडणं, हसणं, फोनाफोनी असा गोंधळ उडाला. मुलाने बाईंच्या पायाला हात लावला. बाईंनी त्याला, "अरे, आधी डॉक्टरांना कळव," म्हणून उठवलं आणि चहासुद्धा न घेता निघाल्या.

दुसऱ्या मजल्यावर आल्यावर त्या जिन्याच्या पायरीवरच बसल्या. मी पाण्याची बाटली दिली. त्या दोन घोट प्यायल्या.

"त्याचंच बरोबर आहे रे," त्या म्हणाल्या. "या नाण्यांना काही किंमत येत नाही. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं."

"मग ताई, इतकी वर्षं घेत का राहिलात?"

बाईंनी बाटलीचं झाकण सावकाश लावलं.

"दुकान आहे ना ते," त्या म्हणाल्या. "दुकानात बाईमाणसाने रिकाम्या हाताने जाऊन कसं बसायचं?"