कायाकमधली मेबल

लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला बायकोला काय द्यावं, हे मला सुचेना. म्हणून मी तिला दोन माणसांची कायाक, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची अरुंद होडी दिली. हिरवी, शिकाऱ्याच्या कपड्यांसारखी ठिपक्याठिपक्यांची. (नोरीनला पाण्याची भीती वाटते, हे मला माहीत होतं. वीस वर्षांत एवढं तरी कळतंच.)

नोरीनने आधी कायाककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हार्लन, ही माझ्यासाठी?"

"म्हणजे, आपल्यासाठी."

"आपल्या म्हणजे तुझ्या आणि डेलबर्टच्या."

डेलबर्ट माझा मित्र. वसंतात टर्कीच्या, म्हणजे कोंबड्याहून मोठ्या रानपक्ष्याच्या, शिकारीला आम्ही दोघं दरवर्षी जातो आणि सलग चार वर्षं हात हलवत परत आलो होतो. नदीपलीकडच्या रानात कुणी फिरकत नाही, तिथले नर टर्की नुसते माजलेत, कायाक असली की काम फत्ते, असं मी तिला समजावू लागलो.

"ठीक आहे," ती म्हणाली. "या हंगामात हिच्यातून टर्की आण. नाही आणलीस तर ही खरोखरच माझी. माती भरून टोमॅटो लावीन."

नव्याकोऱ्या कायाकमध्ये टोमॅटो!

शनिवारी उजाडताच मी आणि डेलबर्ट नदीत उतरलो. पायाशी मेबल होती. मेबल म्हणजे प्लास्टिकची टर्कीची मादी. तिला भुलून नर जवळ येतो. पलीकडे पोचल्यावर कायाक अर्धी वाळूवर ओढली. मेबल काढायचा मला कंटाळा आला, म्हणून तिला पुढच्या सीटवर उभी करून ठेवली.

"कायाक बांध," डेलबर्ट म्हणाला.

"पळून जातेय थोडीच!"

आम्ही झाडाला टेकून बसलो. डेलबर्टने लाकडी डबी घासून मादीचा आवाज काढला. रानातून असं खणखणीत उत्तर आलं की माझी टोपी हलली. नर आला! छातीवर दाढीसारखा केसांचा झुपका, शेपटीचा पंखा फुललेला. आमच्याकडे ढुंकूनही न बघता तो थेट नदीकडे निघाला, उडी मारून कायाकमध्ये चढला आणि मेबलसमोर मिरवू लागला.

"झाड गोळी!" डेलबर्ट कुजबुजला.

"कायाकला भोकं पडतील ना!"

"मग आता काय, त्यांचं लग्न होईपर्यंत थांबायचं?"

नराने मेबलभोवती फेरी घेतली. कायाक डुलली, वाळूवरून सरकली आणि प्रवाहाला लागली. आम्ही धावलो. मी कमरेइतक्या पाण्यात शिरून "थांब रे!" असं ओरडलोही. (कुणाला, ते आजतागायत कळलेलं नाही.) पंख असूनही गडी उडाला नाही. प्रेमात पडलेल्याला कुठलं भान!

जेवणाचा डबा कायाकमध्ये होता, आमचे फोनही. पुलापर्यंत चार मैल काट्याकुट्यांतून चाललो. डेलबर्ट वाटभर एकच वाक्य म्हणत होता, "बांध म्हटलं होतं."

पुलाखाली नोरीन ठरल्याप्रमाणे आम्हाला न्यायला आली होती. पिकअपला टेकून आमचाच डबा खात होती. शेजारी काठाला लागलेली कायाक, आणि तिच्यात मेबल. एकटीच.

"टर्की?" मी धापा टाकत विचारलं.

"उतरला, माझ्याकडे बघून शेपटी फुलवली आणि गेला रानात. फार सभ्य वाटला." तिने फोनमधला फोटो दाखवला.

"म्हणजे कायाकमधून टर्की आली! पैज मी जिंकलो!"

"ती आली, हार्लन. तू आणली नाहीस." तिने बोटं पुसली. "पण कायाकमध्ये टोमॅटो लावायचे नाहीत, असं मी ठरवलंय. शिकारीला फार गुणाची आहे ती. फक्त तू तिच्यात नको."

त्यामुळे येत्या शनिवारी ते पुन्हा निघताहेत. पुढे मेबल, मागे डेलबर्ट. मी अंगणात टोमॅटोसाठी वाफे खणतोय.