खुनी दत्तक देणे आहे

"तुझी सगळी पात्रं गेली," दारात चपला काढता काढताच प्रकाशक म्हणाला. "आता फक्त प्रेत उरलंय."

लेखक शर्टाला बटण लावत बसला होता. "गेली म्हणजे? कुठे गेली?"

"दत्तक गेली. धडाधड गेली. प्रेताचं मात्र अडलंय. पहिल्याच पानावर मरायला कोणी तयार होईना."

हा लेखक पाणीपुरवठा खात्यात कारकून होता. दिवसभर तो लोकांच्या गळक्या नळांच्या तक्रारी लिहून घ्यायचा आणि पहाटे उठून एक रहस्यकादंबरी लिहायचा. ती पुरी व्हायला इतकी वर्षं लागली, की पहिल्या प्रकरणात जिना धावत चढणारा डिटेक्टिव्ह शेवटच्या प्रकरणात गुडघे धरून चढत होता. मोठ्या प्रकाशकांनी ती साभार परत केली. एकाने तर पाकीट न फोडताच, असं लेखकाच्या बायकोचं ठाम मत होतं, कारण परत आलेल्या पाकिटावर चिकटपट्टी तिनेच लावलेली होती. शेवटी कामी आला तो हा शाळासोबती.

त्याची प्रकाशनसंस्था त्याच्या बायकोच्या लाँड्रीच्या माळ्यावर होती. तिथून निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला इस्त्रीचा मंद वास यायचा. एकदा कोट न्यायला आलेलं गिऱ्हाईक घाईघाईत कवितासंग्रह घेऊन गेलं आणि चार दिवसांनी परत येऊन, डाग तसाच आहे म्हणून भांडलं. तरी प्रकाशक हिंमत हरणारा नव्हता. गेल्याच महिन्यात तो 'छोट्या प्रकाशकांपुढच्या नव्या संधी' या विषयावरच्या शिबिराला जाऊन आला होता आणि तेव्हापासून त्याला जळीस्थळी संधीच दिसत होत्या.

"मोठे लोक आधी पुस्तक छापतात आणि मग वाचक शोधत फिरतात," तो लेखकाला म्हणाला होता. "आपण उलटं करायचं. आधी वाचक गोळा करायचे, मग जितके वाचक तितक्याच प्रती छापायच्या. गोदाम नको, रद्दी नको."

"पण पुस्तकच नाही तर वाचक येणार कशाला?"

"त्यांना पुस्तकातच घ्यायचं. आगाऊ नोंदणी करणाऱ्याने एक पात्र निवडायचं. त्या पात्राला त्याचं नाव द्यायचं. दर शुक्रवारी एक प्रकरण ईमेलने घरपोच. शेवटचं प्रकरण मात्र पुस्तकातच वाचायचं. बघ, लोक कसे उड्या मारतात ते."

लोकांनी खरंच उड्या मारल्या होत्या. शर्टाचं बटण बाजूला ठेवून लेखकाने जरा भीतभीतच विचारलं, "कोणी काय घेतलं?"

"दंतवैद्याचं पात्र तुझ्या खऱ्याच दंतवैद्याने घेतलं. म्हणाला, फुकटात जाहिरात. केमिस्टचं चौकातल्या केमिस्टने घेतलं."

"आणि ती शेजारीण? सूप आणून देणारी?"

"ती तर पहिल्याच दिवशी गेली. तुझ्या आत्यांनी घेतली."

लेखकाच्या बोटात सुई गेली. शेजारीण ही त्या कादंबरीतली खुनी होती, आणि ते लेखक सोडून जगात कोणालाही माहीत नव्हतं. शेवटचं प्रकरण त्याने प्रकाशकालाही दाखवलेलं नव्हतं. कादंबरीतले गर्भश्रीमंत गृहस्थ आणि ही शेजारीण मिळून एकच वर्तमानपत्र घेत. गृहस्थ ते आधी वाचत आणि शब्दकोडं सोडवून मगच तिच्याकडे पाठवत. वर्षानुवर्षं. एका संध्याकाळी ती नेहमीसारखी सूप घेऊन येते आणि त्यांच्या चहात विष कालवते. एवढ्याशा कारणावरून एवढा मोठा खून, आणि तोही सगळ्यात गरीब बाईने करावा, याचा लेखकाला मनातून फार अभिमान होता. साऱ्या कादंबरीत त्याला मनापासून आवडलेली गोष्ट कोणती, तर हीच.

आता त्या बाईला आत्याचं नाव लागणार होतं. लेखकाची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं, शिकवलं, नोकरीला चिकटवलं ते आत्याने. तिने स्वतः टेलिफोन खात्यात जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले आणि कधी कोणाशी चढ्या आवाजात बोलली नाही. लेखकाच्या लिखाणाबद्दल तिने आजवर एकच मत दिलं होतं: "लिही, पण डोळे सांभाळ." आणि आता प्रथमच तिने त्याच्या लिखाणात एवढा रस घेतला होता. तिला चारचौघांत खुनी ठरवायचं म्हणजे ज्या ताटात खाल्लं त्यालाच लाथ मारण्यासारखं होतं.

तो त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेला. "आत्या, तू दुसरं एखादं पात्र घे ना. डिटेक्टिव्हची बहीण आहे. चांगली शिकलेली आहे."

"नको रे. शेजारीणच बरी आहे. सूप देते, विणकाम करते, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." आत्या हसली. "आणि फिरायला येणाऱ्या सगळ्या बायकांना मी सांगूनसुद्धा बसले."

लेखक सूप पिऊन घरी परतला.

प्रेताचाही प्रश्न सुटला. लेखकाच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी प्रकाशकाला एवढंच विचारलं, "मेल्यानंतर सगळे माझ्याविषयी बोलतात का?" पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दुसरा विषयच नाही, असं प्रकाशकाने सांगताच त्यांनी तिथल्या तिथे पैसे भरले. सोसायटीच्या सभेत असं कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी पहिलं प्रकरण गेलं आणि शनिवारपासून लेखकाचा फोन थांबेना. आधी सगळे हौसेने विचारत होते, पुढे काय होतं म्हणून. तिसरं प्रकरण गेल्यावर आवाज बदलले.

"त्या संध्याकाळी माझं दुकान उघडं होतं," केमिस्ट म्हणाला. "कॅमेऱ्यात सगळं आहे. पाठवू का?"

"कोणत्या संध्याकाळी?"

"तुमच्या तिसऱ्या प्रकरणातल्या. ते विष माझ्याकडून गेलेलं नाही. आणि तुमचे सेक्रेटरी हल्ली सर्दीची गोळीसुद्धा माझ्याकडून घेत नाहीत. पार स्टेशनाजवळच्या दुकानात जातात. हे बरोबर आहे का?"

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे कोणी काही खाल्लेलंच नव्हतं, तरी सगळ्यांना खवखवत होतं. दंतवैद्याकडे लेखकाच्या दाढेचं काम अर्ध्यावर होतं. खुर्चीत आडवं पाडून, तोंडात कापूस कोंबून दंतवैद्य म्हणाला, "पेशंट मला विचारतात, डॉक्टर, तुम्हीच का?"

लेखकाने घशातून आवाज काढला. तोंड उघडं असताना पेशंट विचारतात तरी कसं, असं त्याला म्हणायचं होतं.

"डोळ्यांनी विचारतात," दंतवैद्य म्हणाला. "मी नाहीये ना? नसेन तर मान हलवा. जपून हलवा, मशीन चालू आहे."

लेखकाने जपून मान हलवली.

त्याच रात्री त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. शेजारीण, शब्दकोडं, चहा, सगळं. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्यांना जाऊन सांगा की सरळ."

"काय सांगू? तू खून केलाहेस म्हणून?"

"मग खुनी बदला."

सांगणं सोपं होतं. सहा प्रकरणं लोकांच्या घरी पोचलेली होती, त्यातला एक शब्द आता हलवता येत नव्हता. दंतवैद्याला खुनी करावं तर दाढ उघडी पडलेली. केमिस्टला करावं तर तो वकील गाठणार, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. शेवटी लेखकाने आत्महत्येचा विचार केला, म्हणजे गृहस्थांच्या. त्याची कुणकुण सेक्रेटरींना कशी लागली देव जाणे. ते जिन्यातच आडवे आले.

"मी आत्महत्या करणारा माणूस वाटतो का तुम्हाला?"

"तुम्ही नाही हो. कादंबरीतले."

"नाव माझंच ना? उद्या लोक म्हणतील, सोसायटीचे हिशेब अंगाशी आले असतील. खून झाला तर इज्जत राहते. आत्महत्या मी चालू देणार नाही."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी लेखकाची अवस्था झाली. तीन दिवस रजा काढून त्याने नवं शेवटचं प्रकरण लिहिलं. त्यात खून नव्हताच. गृहस्थांना चष्मा सापडत नाही, ते चुकीच्या बाटलीतलं औषध चहात घालतात आणि प्राणास मुकतात. चष्मा त्यांच्या कपाळावरच असतो. कोणी दोषी नाही, कोणी दुखावला नाही, सगळे सुखी.

प्रकाशकाने ते माळ्यावर उभ्याउभ्याच वाचलं. खाली लाँड्रीतलं मशीन घुमत होतं.

"चष्मा?" तो म्हणाला.

"हो."

"अरे, लोक रात्रीची झोप सोडून विचारतायत खुनी कोण म्हणून. लाँड्रीत कपडे टाकायला आलेली माणसं माझ्या बायकोला विचारतायत. इतकी उत्सुकता मी आयुष्यात विकली नाही. आणि आपण त्यांना चष्मा द्यायचा?"

"आत्या आहे ती माझी," लेखक म्हणाला, आणि मग त्यालाही सगळं सांगावं लागलं.

प्रकाशक खाली बसला. मशीन थांबेपर्यंत तो पानांच्या कडा जुळवत राहिला. मग त्याने सुस्कारा सोडला. "आत्या मोठी की पुस्तक, असं मी कसं विचारू? पहिली प्रत काढतो. ती आत्यांना नेऊन दाखव. बाकीच्या सोमवारी छापू. छोटं प्रकाशन असण्याचा हा एवढाच फायदा, बुडायचं झालं तरी आपल्या सवडीने बुडता येतं."

ती प्रत घेऊन रविवारी लेखक आत्याकडे गेला. पिशवीत जुनं शेवटचं प्रकरणही होतं, ते घरी ठेवून यायला त्याचं मन झालं नव्हतं. आत्याने पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठावरून हात फिरवला आणि सरळ शेवटचं प्रकरण उघडलं. ती वाचत असताना लेखक तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिथे आनंद दिसेल अशी त्याची खात्री होती.

"म्हणजे मी काहीच केलं नाही?" आत्याने विचारलं.

"काहीच नाही. उलट शेवटी मी लिहिलंय बघ, अशी शेजारीण मिळायला भाग्य लागतं."

आत्याने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. "चौथ्या प्रकरणात टेबलावर सोडवलेलं शब्दकोडं पडलंय. ते वाचलं आणि मला कळलं की मीच मारलंय त्यांना. तेव्हापासून मी शुक्रवारची वाट बघत होते."

लेखकाने विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं?"

"वाईट कशाचं? रोज फिरायला गेल्यावर बायकांची चर्चा चालते. कोणी म्हणतं दंतवैद्य, कोणी म्हणतं केमिस्ट. माझ्याकडे एक बघत नाही. परवा एक म्हणाली, 'तुम्ही कसल्या मारताय, तुम्ही तर सूपवाल्या.' मी गप्प बसले. म्हटलं, थांबा, येऊ दे शेवटचं प्रकरण." आत्याने मांडीवरचं पुस्तक बाजूला सारलं. "जन्मभर सगळे मला बिचारी म्हणत आले रे. एकदा तरी कोणाला वाटू दे, की या बाईच्या मनात काय चाललंय कोण जाणे."

लेखकाला गलबलून आलं. तिच्या भल्यासाठी म्हणून त्याने तिच्या तोंडचा घास काढून घेतला होता. त्याने पिशवीतून जुनं प्रकरण काढलं. "हे खरं प्रकरण. यात तूच केलायस."

"वाच," आत्या म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

त्याने सगळं वाचलं. शब्दकोड्याच्या जागी आत्या हळूच मान डोलवत होती. वाचून झाल्यावर तिने डोळे उघडले.

"छान जमलंय. हे शब्दकोड्याचं तुला सुचलं कसं?"

"असंच. का गं?"

"तुझे काका माझं कोडं सोडवून ठेवायचे. रोज. पेनने." आत्याने कागद हातात घेतले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "फक्त हे बदल. विष चहात घालू नकोस. चहा माणूस पुरता पीत नाही. हे निम्मा कप नेहमी तसाच ठेवायचे. खोकल्याच्या औषधात घाल. ते माणूस शेवटच्या थेंबापर्यंत घेतो, वर चमचाही चाटतो."

लेखकाने पेन काढलं. 'चहा' खोडलं, 'खोकल्याचं औषध' लिहिलं. काका, म्हणजे आत्याचे यजमान, गेले तेव्हा तो शाळेत होता. त्या दिवसांतलं त्याला फारसं काही आठवत नव्हतं, पण आतल्या खोलीतून येणारा खोकला मात्र स्वच्छ आठवत होता. पेन थांबलं.

"आत्या," तो म्हणाला, "काकांना शेवटी नक्की काय झालं होतं?"

आत्याने चष्मा पुसून पुन्हा लावला आणि भाच्याच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. हळूहळू तिचा चेहरा खुलत गेला. इतकी समाधानी ती त्याला कधीच दिसली नव्हती.

"असंच," ती म्हणाली. "अगदी असंच वाटलं पाहिजे सगळ्यांना."