उरलेलं घर

प्रदर्शन दहा वाजता उघडणार होतं आणि पावणेदहाला कारकुनाच्या हातात एक घर उरलं होतं.

घर लाकडाचं, काडेपेटीपेक्षा लहान, निळ्या छपराचं. नगररचना कार्यालयाच्या सभागृहात वीस वर्षांनंतरच्या शहराची प्रतिकृती मांडली होती. नागरिकांनी ती बघावी आणि हरकत असल्यास अर्ज भरावा, अशी जाहिरात होती. हरकत नसावी, अशी साहेबांची इच्छा होती. "एकही अर्ज आला नाही तर तुला कायम करतो," साहेब कारकुनाला म्हणाले होते. "आला, तर तुझी मुदत या महिन्यात संपतेच आहे."

म्हणून कारकुनानं प्रतिकृतीवरची धूळ उडवायला टेबलफॅन लावला. आधी धूळ उडाली, मग पूर्वेकडचा अख्खा प्रभाग.

त्यानं आणि शिपाईकाकांनी रांगत रांगत शहर गोळा केलं आणि अंदाजानं परत लावलं. शेवटी जागा संपली, घर उरलं.

"खिशात टाका," शिपाईकाका म्हणाले. "एवढ्या शहरात एका घराचं काय घेऊन बसलात?"

"साहेब मोजतात हो."

त्यानं ते तळ्याकाठी ठेवलं. पहिलेच आले निवृत्त मास्तर.

"तळ्यात कुणी बांधलं हे?"

"काठावर आहे सर."

"सुरुवात काठावरूनच होते. अर्ज आणा."

अर्ज संपलेत असं सांगत कारकुनानं घर मैदानात हलवलं. तिथं पोरांच्या प्रशिक्षकानं भुवया चढवल्या. दवाखान्यासमोर ठेवलं, तर नर्सबाईंनी विचारलं, "रुग्णवाहिका काय यांच्या स्वयंपाकघरातून न्यायची?" वैतागून त्यानं ते नगररचना कार्यालयाच्याच गच्चीवर ठेवलं.

"साहेबांचं का?" एका आजोबांनी आदरानं विचारलं.

त्यानंतर घर खिशात गेलं आणि दिवसभर मांडीला टोचत राहिलं.

बाकी कुणाला शहराशी काही देणंघेणं नव्हतं. जो तो आपलं घर शोधायचा, सापडलं की त्यावर बोट टेकवायचा आणि समाधानानं निघून जायचा. कारकून दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होता. पाचला दहा कमी. अर्ज शून्य.

तेवढ्यात त्याची आई आली.

"दाखव आपलं घर."

"आई, उद्या ये ना."

"उद्या बंद आहे, तूच म्हणालास." ती गल्लीवर वाकली. "हे शिंपीणबाईंचं. हे सायकलवाल्याचं. यांच्या मधे आपण राहतो ना रे?"

मधे बोटभरही जागा नव्हती. कारकुनानं खिशात हात घातला आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्या छपराचा रंग नीट पाहिला.

"निळा तूच निवडला होतास," आई म्हणाली. "घर बुडवणारी मुलं ऐकली होती. खिशात घालणारा पहिलाच. अर्ज दे."

"अर्ज आला तर माझी नोकरी जाईल."

"नाही आला तर घर जाईल. राहणार कुठं, नोकरीत?"

तिनं पिशवीतून स्वतःचं पेन काढलं. 'हरकत' या रकान्यात लिहिलं: आमचे घर आपल्या कारकुनाच्या खिशात आहे. 'संबंधिताशी नाते' या रकान्यात: मुलगा. तरीही.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. मग नियमांचं पुस्तक काढलं, मग चष्मा काढला.

"पंचाईत झाली," ते म्हणाले. "हरकतीत ज्याचा उल्लेख आहे, त्या कर्मचाऱ्याला निकाल लागेपर्यंत कमी करता येत नाही. त्या गल्लीतली वीटसुद्धा हलवता येत नाही."

"निकालाला किती दिवस लागतात?" आईनं विचारलं.

साहेबांनी कपाटाकडे पाहिलं. "सध्या माझ्या आधीच्या साहेबांच्या आधीच्या साहेबांकडे आलेल्या हरकती चालू आहेत."

"आम्हाला घाई नाही," आई म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं.

घर पुरावा म्हणून पाकिटात गेलं, पाकिटाला सील लागलं. आई दारापर्यंत गेली, थांबली आणि शिपाईकाकांजवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, असं आणखी एखादं घर उरलंय का? याच्या धाकट्या बहिणीच्या नोकरीचंही कुठं जमत नाहीये."