रॅक रिकामं, पण जागा न्हाय

बसा असे सावलीला. चहा सांगितलाय, तो येईपर्यंत तुम्हाला वाल्मीकचा किस्सा सांगतो. हसायला येईल, पण त्या पाच दिवसांत बिचाऱ्याचा जीव कसा जळत होता ते पण ऐका.

वाल्मीक दिघाशीचा. मानकोलीच्या एका मोठ्या गोदामात डॉक इन्चार्ज. डॉक म्हणजे ट्रक मागून लागतो तो ओटा. अठरा वर्षं त्या ओट्यावर त्याचाच शब्द. कुठला ट्रक आधी लागणार, माल कोण उतरवणार, चहा कधी, सगळं त्याच्या एका शिट्टीवर. आणि मग त्याच गोदामात कॉम्प्युटरच्या कामाला आला सुमित. सुमित म्हणजे वाल्मीकच्या बायकोचा, मंदाचा, सख्खा भाचा. मितेशशेठकडे त्याच्यासाठी शब्द टाकला होता वाल्मीकनंच. म्हणजे हा दगड त्यानं स्वतःच्या पायावर दोन्ही हातांनी उचलून टाकलेला.

गोदामात बॉक्स पट्ट्यावरून जातात. वर कॅमेरे. बॉक्स खालून गेला की फोटो निघतो, फोटोवरचा पत्ता कॉम्प्युटर वाचतो आणि बॉक्स ज्याच्या त्याच्या दारात पडतो. सुमित यायच्या आधी पट्टा जोरात सोडला की कॉम्प्युटर फोटो गाळायचा. नाशिकचा माल पालघरला. सुमितनं दोन महिने मान खाली घालून काहीतरी केलं आणि पट्टा एकदम दुप्पट वेगात धावायला लागला. शेठनं पेढे वाटले. वाल्मीकनं पेढा खाल्ला आणि साखर जास्त झालीय म्हणाला.

रविवारी सुमित घरी जेवायला. खाडीचा जिताडा केलेला. मधला जाड तुकडा मंदानं सुमितच्या ताटात ठेवला, आणि नवऱ्याच्या ताटात शेपटी. वाल्मीक शेपटीकडे बघत राहिला. मंदानं भाच्याला विचारलं, बाळा, तू नेमकं केलंस तरी काय. सुमितनं ताटातल्या वाट्या पुढं ओढल्या.

तो म्हणाला, कॉम्प्युटरच्या आत कर्नेल असतं. ते गेटवाल्यासारखं. बाहेरून फोटो येतात ते तुकड्या-तुकड्यांनी, त्या तुकड्याला म्हणायचं पॅकेट. प्रत्येक पॅकेट आधी कर्नेलच्या हातात. ते उघडणार, तपासणार, आपल्याकडं ठेवणार, मग त्याची नक्कल काढून माझ्या प्रोग्रामला देणार. लाखो पॅकेटं, लाखो नकला. त्यातच वेळ जातो.

"मग मी दोघांत एकच खोली ठेवली, मावशी. मेमरीची. तिला सारखे खण पाडले, खणांना नंबर दिले. चावी कर्नेलकडं पण, माझ्याकडं पण. माल खणातून हलतच न्हाय. फक्त खणाचा नंबर इकडून तिकडं जातो."

नंबर जायला चार रिंगा, गोल फिरणाऱ्या. पहिलीत प्रोग्राम सांगणार, हे खण रिकामे आहेत, यात माल टाक. दुसरीत कर्नेल सांगणार, या खणात माल आलाय. उरलेल्या दोन बाहेर पाठवायच्या मालाच्या, तशाच. एका रिंगवर टाकणारा एक, उचलणारा एक. त्यामुळं दोघांना एकमेकांसाठी थांबावं लागत नाही, हाक मारावी लागत नाही, भांडणही नाही.

"बघा किती डोकं हाय पोराला," मंदा नवऱ्याला म्हणाली, "नायतर तुमी. अठरा वर्षं शिट्टी वाजवताय."

झालं. त्या शिट्टीनं वाल्मीकचं जेवण गेलं. त्यात सोमवारी शेठनं सांगून टाकलं, शुक्रवारी मेघाली मॅडम येणार, मोठ्या कंपनीच्या, आपलं काम बघायला. पट्टा तर पळतोय, पण डॉक मागं पडतोय. शुक्रवारपर्यंत डॉक सुधारला तर ठीक, नाहीतर डॉकसुद्धा सुमितच्या हाताखाली. वाल्मीकला दिसायला लागलं, की उद्यापासून आपण भाच्याला विचारून चहाला जायचं.

खरं सांगायचं तर वाल्मीकच्या पोटात एक थंडावा होता. तो म्हणजे सुमितचा पट्टा रोज चारच्या सुमाराला बंद पडायचा. का, ते सुमितला पण सापडत नव्हतं. तो सगळं बंद करून परत चालू करायचा आणि पट्टा दुसऱ्या दिवशी चारपर्यंत मस्त चालायचा. पावणेचार वाजले की वाल्मीक घड्याळ बघायला लागायचा. पट्टा थांबला की त्याला चहा गोड लागायचा.

पण नुसत्या थंडाव्यावर डॉक वाचत नाही. त्यानं ठरवलं, सुमितनं मशिनीत केलं ते आपण माणसांत करून दाखवायचं. चंद्राच्या सायकलच्या दुकानातून चार जुन्या रिमा आणल्या. मंदाच्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे सगळे काढून आणले, दोन दिवस तिचे कपडे वाऱ्यावर. रिमा भिंतीवर फिरत्या बसवल्या, त्याच ह्याच्या रिंगा, आणि प्रत्येकीवर गोल बत्तीस चिमटे. डॉकच्या भिंतीला लागून एक रॅक, त्याला बत्तीस खण. बत्तीस पुठ्ठ्याचे बिल्ले, त्यावर नंबर.

काम असं. पहिल्या रिंगवर रिकाम्या खणांचे बिल्ले. ट्रक उतरवणाऱ्या टोळीचा म्होरक्या रामनाथ. त्याचा माणूस सात नंबरचा बिल्ला काढणार, सात नंबरच्या खणात बॉक्स ठेवणार, बिल्ला दुसऱ्या रिंगवर लावणार. आत टेबलावर बॉक्स उघडणाऱ्या बायकांची म्होरकी मैना. ती दुसऱ्या रिंगवरून बिल्ला घेणार, सात नंबरचा बॉक्स उचलणार, टेबलावर खाली, म्हणजे रिकामा, करणार आणि बिल्ला परत पहिल्या रिंगवर. कोणी कोणाला ओरडायचं नाही, बॉक्स हातोहात फिरवायचा नाही. बाकीच्या दोन रिंगा पाठवायच्या मालाच्या. डॉकवर पाठवायचा माल नव्हताच, पण सुमितच्या चार म्हणून ह्याच्या पण चार. रोज सकाळी वाल्मीक त्या दोन रिकाम्या रिमा फिरवून तेल घालायचा.

आणि नियम कडक. वाल्मीकनं सगळ्यांना ओळीत उभं करून सांगितलं.

"बिल्ला हातात असल्याशिवाय खणात बॉक्स ठेवायचा न्हाय. मी सांगितलं तरी न्हाय."

रामनाथनं पक्कं विचारून घेतलं. "आप बोलेंगे तो भी नहीं?"

"तो भी नहीं."

चाललं की हो. सोमवारी जे चार ट्रक संध्याकाळपर्यंत उतरायचे ते मंगळवारी दुपारी मोकळे. बुधवारी शेठ खाली येऊन उभा राहिला, रिमा फिरताना बघितल्या, वाल्मीकच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, सुमितची आयडिया बरी उचललीस. वाल्मीकनं ती थाप शर्टावरून झटकली. घरी मंदा पण तेच म्हणाली. आजूबाजूच्या चार घरांत पण तेच. एवढ्या चिमट्यांचं श्रेय पण त्या पोराला.

शुक्रवार उजाडला. मेघाली मॅडम तीनला येणार त्या साडेतीनला आल्या. शेठ त्यांना आधी वर पट्ट्याकडं घेऊन गेला. खाली डॉकवर सहा ट्रक लागलेले. वाल्मीकनं इस्त्रीचा शर्ट घातलेला, शिट्टी खिशात ठेवलेली, आता रिंगांचा जमाना म्हणून. तो गेटवर एका ड्रायव्हरशी बोलून परत आला तर बघतो काय, रामनाथची दहा माणसं ओळीत उभी. प्रत्येकाच्या खांद्यावर बॉक्स. आणि समोर रॅक. बत्तीसच्या बत्तीस खण रिकामे. खडखडीत.

वाल्मीकनं विचारलं, उभे कशाला.

"जगह नहीं है," रामनाथ म्हणाला.

वाल्मीकनं रॅककडं हात केला. रामनाथनं शांतपणे पहिल्या रिंगकडं बोट दाखवलं. बत्तीस चिमटे, एकालाही बिल्ला नाही. वाल्मीक म्हणाला बिल्ला मरू दे, माल ठेव.

"बिल्ला नहीं तो माल नहीं."

"अरे मी सांगतोय ना."

"आप बोलेंगे तो भी नहीं. आप ही बोले थे."

त्याच्या मागच्या नऊजणांनी माना हलवल्या. माणसं नियमाची पक्की. चार दिवस वाल्मीकनंच त्यांना पक्कं केलं होतं. तो स्वतः बॉक्स उचलून रॅककडं निघाला तर रामनाथ आडवा. बाहेर ट्रकवाले हॉर्न द्यायला लागले, मागची रांग रस्त्यावर गेली, रस्त्यावरचे हॉर्न वेगळे. आणि नेमक्या त्याच घटकेला जिन्यावरून शेठ, मेघाली मॅडम आणि मागं सुमित. वर पट्टा थांबला होता. चार वाजले होते. शेठ मॅडमना म्हणत होता, हे एक मिनिटात चालू होईल, तोवर आमचा डॉक बघा, एकदम नवीन पद्धत.

मॅडमनी बघितलं. रिकामं रॅक, त्यासमोर बॉक्स घेऊन उभी दहा माणसं, भिंतीवर फिरणारी सायकलची चाकं. त्यांनी रामनाथला विचारलं, ठेवत का नाही.

"जगह नहीं है, मॅडम."

मॅडमनी रॅककडं परत एकदा बघितलं, मग शेठकडं. शेठनं वाल्मीककडं बघितलं. अशा वेळी माणसाला जमीन फाटून आत जावंसं वाटतं, पण गोदामाची जमीन सिमेंटची. वाल्मीक गुडघ्यावर बसला आणि बिल्ले शोधायला लागला. टेबलाखाली बघितलं, कचऱ्याच्या डब्यात बघितलं, मैनाच्या बायकांच्या पिशव्या बघितल्या, त्यावरून शिव्या खाल्ल्या. शेवटी कोपऱ्यात गेला. तिथं फाटक्या, भिजक्या बॉक्सांची चळत. रोज आठेक निघतात, ते बाजूला ठेवायचे, शनिवारी कंपनीचा माणूस येऊन बघतो. आणि प्रत्येक बॉक्सच्या दोरीत नीट खोचलेला एकेक बिल्ला. पूर्ण बत्तीस.

"मैना, हे हितं काय करतात?"

मैना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचं काही चुकलेलं नव्हतं, हे तिच्या उभं राहण्यातच दिसत होतं. "तुमी काय सांगितलं? बॉक्स खाली झाला की बिल्ला परत. ह्यो खाली कुठं झालाय? फाटलाय. फाटक्याचं तुमी काय बोलला न्हाय."

बोलण्यात खोट नव्हती. वाल्मीकला चांगला माल दिसत होता, फाटका त्याच्या डोक्यातच आला नव्हता. रोज आठेक बिल्ले कोपऱ्यात अडकत गेले आणि चौथ्या दिवशी शेवटचा अडकला. वाल्मीक खाली मान घालून बिल्ले उपसायला लागला. त्याला वाटलं आता मागून भाच्याचं हसू येणार.

हसू आलं नाही. मागं वळून बघतो तर सुमित त्या फाटक्या बॉक्सांसमोर उभा, तोंड उघडं, रंग उडालेला.

"काका," तो म्हणाला, "फाटक्याचं मी पण काय बोललो न्हाय."

आणि धावत सुटला. दोन-दोन पायऱ्या चढत वर.

झालं होतं असं. वायरीतून येताना काही पॅकेटं खराब होतात. सुमितचा प्रोग्राम अशी पॅकेटं बघायचा, निकामी म्हणून सोडून द्यायचा आणि पुढं जायचा. पण त्या पॅकेटच्या खणाचा नंबर पहिल्या रिंगवर परत टाकायचं राहिलं होतं. खण चार हजारांच्या वर, पण पॅकेटं लाखोंनी, म्हणून डॉकवर जे चार दिवसांत झालं ते तिथं रोज दुपारपर्यंत व्हायचं. चारच्या सुमाराला शेवटचा खण अडकायचा आणि कर्नेल रामनाथसारखं हातात माल घेऊन उभं राहायचं. जागा सगळी रिकामी, पण रिकामी आहे हे सांगणारं कोणी नाही. बंद करून चालू केलं की नंबर पहिल्यापासून वाटले जायचे, म्हणून परत दुसऱ्या दिवसापर्यंत सुखानं. इतके दिवस जे सुमितला पडद्यावर दिसलं नाही ते कोपऱ्यातल्या फाटक्या खोक्यांवर दिसलं.

एक ओळ घातली त्यानं. एकच. पट्टा सुरू झाला तो आजपर्यंत चारला थांबलेला नाही. खाली बिल्ले रिंगवर चढले, रामनाथनं पहिला बिल्ला उचलला आणि मगच बॉक्स ठेवला. दीड तासात सहाही ट्रक मोकळे.

मॅडमनी विचारलं, चूक पकडली कोणी. शेठनं तोंड उघडायच्या आत सुमित म्हणाला, काकांनी. त्यांनी डॉक असा लावला नसता तर मला ती कधीच दिसली नसती. मॅडम हसल्या. म्हणाल्या, असे इन्चार्ज सोडू नका. शेठ म्हणाला, सोडतोय कुठं, डॉक त्याचाच. वाल्मीकचा डॉक वाचला. पण घरी येऊन तो मंदाला काय म्हणाला ठाऊक आहे?

"बघितलंस? खरं बोलण्यात पण तोच पुढं. मना बोलू दिलं न्हाय."

पण पोराचं मन खरंच मोठं. पुढच्या आठवड्यात सुमितनं डॉकवर एक मोठा टीव्ही लावला. आपल्या मशिनीत किती खण अडकून पडलेत ते त्यावर दिसतं. आणि त्या मोजणीला त्यानं नाव दिलं काकांचं. टीव्हीवर मोठ्या अक्षरात येतं, वाल्मीक. आणि त्याच्यापुढं हातभर मोठं शून्य. एकही खण अडकलेला नाही, सगळं बरोबर चाललंय. बाजूला बारीक अक्षरात आज किती बॉक्स गेले त्याचा आकडा, चाळीस हजार, पन्नास हजार.

वाल्मीक त्या पाटीखाली दिवसभर उभा. येणारा-जाणारा ड्रायव्हर वाचतो, वाल्मीक शून्य. त्याची खात्री पटलीय, की भाच्यानं गोड बोलून सूड घेतला. सुमितनं समजावलं, शेठनं समजावलं, मंदानं तर आवाज चढवून समजावलं. परवा तो सुमितला बाजूला घेऊन म्हणाला, पन्नास हजार नको, मी तेवढा हावरा नाही, पण घरातल्या माणसाच्या नावापुढं निदान पंचवीस तरी कर.

आमचं तो ऐकत नाही, आम्ही त्याच्या रोजच्या बघण्यातले. तुम्ही बाहेरचे, शिकलेले दिसता. मानकोलीला कधी गेलात तर गेट नंबर दोनवर जरा थांबा, वाल्मीकला बाहेर बोलवा, आणि एवढं तुमच्या तोंडानं त्याला सांगा, की तिथं शून्यच चांगलं असतं.