धर्माकाकांची बारा व्होल्टची गाडी

आमच्या शेजारचे धर्माकाका कुठल्याही वस्तूला आधी उलट्या हाताने शिवून बघतात. इस्त्री, पंखा, दाराची बेल. एवढंच काय, आमच्या जावयाला पहिल्यांदा भेटले तेव्हाही तोच प्रकार. "सुलटा हात चिकटतो, उलटा सुटतो," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मूळचे दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातले, पण होडीवर न जाता तारापूरच्या एका कारखान्यात वायरमन म्हणून जन्म काढलेले. लोक ताक फुंकून पितात; काका पाणीही फुंकून पितील.

नात सई चार वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिला विजेवर चालणारी खेळण्यातली आगगाडी आणली आणि खोका उघडताक्षणी तिच्या हातातून काढून घेतली. प्लायवूडवर रूळ बसवले. ट्रान्सफॉर्मर पेटीत घालून पेटी माळ्यावर चढवली, वर कुलूप. रुळांत आले फक्त बारा व्होल्ट. तरीही फ्यूज घातला, प्रत्येक जोडावर रबरी नळी चढवली.

"काका, बारा व्होल्टनं मुंगीसुद्धा मरत नाही," मी म्हणालो.

"पॅनलला चिकटलेला मानूस तुमी बगितलाय? मी बगितलाय."

सई रोज उंबऱ्यातून विचारायची, "आजोबा, आज?"

"आज नाय, बाय. टेस्टिंग बाकी हाय. हात नको लावू, शॉक लागेल."

पावसाळ्यात भिंतीला ओल आली, म्हणून सगळं सोडवून पुन्हा जोडलं. पाऊस संपला, टेस्टिंग संपेना.

दिवाळीला एकदाची गाडी तयार झाली. काकांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं, पेढे वाटले आणि बटण सईपुढे धरलं. "दाब, बाय."

सईनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको. शॉक लागेल."

"आता नाय लागत गं." त्यांनी रुळांवर स्वतःचा हात ठेवून दाखवला.

ती किंचाळलीच. "आजोबा, हात काढा!" आणि रडत आईला बिलगली.

एरवी मी काकांची मनसोक्त टिंगल केली असती. त्या दिवशी त्यांच्या तोंडाकडे बघवेना. "माजंच चुकलं," ते एवढंच म्हणाले.

मग त्यांनी सगळ्या तारा तिच्यासमोर कापून टाकल्या. फरशीवर बसले आणि इंजिन बोटानं ढकलू लागले, तोंडानं "कूऽऽ" करत. "बग बाय, करंटच नाय."

सई हळूहळू जवळ येऊन बसली. हात मात्र तिनं मांडीखाली घट्ट दाबून धरले होते.