एका बोटाचा झोका

"एका बोटानं! फक्त एका बोटानं तुला लिंबाच्या पाल्यापर्यंत पोचवतो की नाही, बघ!"

हे आपणच बोललो, हे रंगनाथ सरांना वाक्य संपल्यावर कळलं! पालमच्या शाळेत त्यांनी उभी हयात भौतिकशास्त्र शिकवलं, पण इतक्या ठामपणे ते कधी फळ्याशीसुद्धा बोलले नव्हते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे सांगतानादेखील ते आधी 'बहुधा' म्हणत आणि मग हळूच पुस्तक उघडून खात्री करून घेत.

पण मालनबाईंनी विषयच तसा काढला होता. नागपंचमी तोंडावर आली होती. गल्लीच्या टोकाच्या लिंबाला तिथंच राहणाऱ्या सटवाजीनं जाड दोराचा झोका बांधला होता. मालनबाईंचं माहेर बोरीचं. तिथं लग्नाआधी त्या पायाच्या अंगठ्यानं लिंबाचा पाला शिवून यायच्या म्हणे! लग्न झालं आणि त्या 'सरांच्या बाई' झाल्या. सरांच्या बाईनं चारचौघांत झोका कसा खेळायचा? दरवर्षी त्या कडेला उभं राहून दुसऱ्यांचे झोके बघत आल्या. यंदा तर डॉक्टरनं दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं होतं.

"यंदा एकदा पाला शिवायचाय मला," भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या. "पुढच्या साली गुडघ्यात लोखंड बसलं की कोन झोक्यावर घेतंय! पन संगं उभं ऱ्हाऊन झोका चढवायला जोडीदारीन लागती. माझ्या जोडीच्या सगळ्या गेल्या, न्हाई तर पुन्याला ल्योकाकडं ऱ्हायल्या."

"मी आहे की."

"तुमी? स्टुलावर उभं केलं तर चक्कर येती तुमाला!"

"मला वर यायची गरजच नाही. झोका म्हणजे दोलक. तो आपल्या ठेक्यानं हलतो. त्या ठेक्यावर, नेमक्या क्षणी हलका धक्का देत राहिलं की हेलकावा वाढत जातो. याला अनुनाद म्हणतात. तू नुसतं ज्वारीच्या पोत्यासारखं गप बसायचं."

"पोत्यासारखं!" मालनबाईंनी भाकरी तव्यावर आदळली. "लग्न झाल्यापासून ऐकायले तुमचं भौतिक. त्यानं कधी साधी चूल पेटली न्हाई!"

म्हणून ते बोटाचं वाक्य निघालं.

खरं सांगायचं तर सरांनी झोक्याला कधी हातच लावला नव्हता. पंचमीच्या दिवसांत ते फळ्यावर खडूनं दोलक काढायचे, बाणानं बल दाखवायचे. तेव्हा खिडकीबाहेर बायका खरा झोका खेळत असायच्या आणि अख्खा वर्ग तिकडं बघत असायचा. मग सर खिडकी लावून घ्यायचे! बंद खिडकीआड तो दोलक किती केविलवाणा दिसायचा!

सरांचं बोलणं शेजारच्या राजेश्रीनं भिंतीपलीकडून ऐकलं. ती सरांचीच जुनी विद्यार्थिनी. भौतिकात दोनदा नापास, पण बातमीत पहिली! तिनं सांगितलं, सर एका बोटानं झोका चढवणार. पुढच्या घरी कुणीतरी म्हणालं, बोटात एवढी ताकद कुठली, मंत्र असणार. त्याच्या पुढच्या घरी तो मंत्र सरांना हिमालयातल्या साधूनं दिला होता. सर आयुष्यात नांदेडच्या पलीकडं गेले नव्हते!

पंचमीच्या दुपारी सर लिंबाखाली पोचले, तर उरुसासारखी गर्दी! सटवाजी लगबगीनं पुढं आला.

"सर, नारळ आनू का?"

"नारळ कशाला?"

"मंत्राआदी फोडावं लागत असंल ना!"

"अहो, मंत्र नाही. शास्त्र आहे, शास्त्र!"

"तेच की! मंत्र शास्त्रातच असतेत."

सर झोक्यापाशी जाऊन कुजबुजले, "मालन, घरी जाऊ या का? मला नीट आठवेना, तो धडा पुढच्या आवृत्तीत बदललाही असेल."

नवं हिरवं लुगडं नेसून मालनबाई झोक्यावर बसल्याही होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आज घरी गेलाव तर ह्या जन्मात मी पुन्ना बसनार न्हाई."

सर गुमान झोक्यामागं जाऊन उभे राहिले. बोट लावलं. झोका चार अंगुळं हलला.

"सर, माशी बसली तरी याहून जास्ती हलतंय!" कुणीतरी ओरडलं.

सर डोळे मिटून पुटपुटू लागले, "येतोय... येतोय... आता!" "मंत्र चालू झाला," सटवाजीनं टोपी काढली. झोका हातभर गेला. मग पुरुषभर! समोरच्या बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. सरांनी डोळे उघडून पाहिलं. त्यांना वाटलं, कौतुकच!

आता सरांना चेव चढला. झोका वर गेला की ते ओरडत, "स्थितिज!" खाली आला की, "गतिज!" दोनचार हेलकाव्यांत सगळा जमाव त्यांच्यामागं गर्जू लागला. "स्थितिज! गतिज! स्थितिज! गतिज!" सरांचे डोळे भरून आले. साऱ्या हयातीत एकाही वर्गानं त्यांना एकसुरात उत्तर दिलं नव्हतं!

"शिवला! पाला शिवला!" वरून मालनबाई पोरीसारख्या किंचाळल्या. टाळ्या, शिट्ट्या!

"आता थांबवा!"

सर चपापले. थांबवायचं कसं, हे परीक्षेला कधी आलंच नव्हतं.

"हवेचा रोध आहे, मालन! हळूहळू थांबेल!"

"हवेला काय रातभर येळ हाय! माझं डोस्कं गरगरायलंय!"

उलट दिशेनं बल लावायला हवं, असं मनाशी म्हणत सर समोर धावले. हात पसरले. मालनबाई आपल्या सगळ्या संवेगासह आल्या! चष्मा एकीकडं, एक चप्पल दुसरीकडं, आणि सर बायकोच्या मांडीवर आडवे पडून लिंबाच्या दिशेनं निघाले!

"अगं, मी पडतोय!"

"मग धरा की दोर! आन् पाय सोडा खाली!"

सरांनी पाय सोडले. ते चिखलात नांगरासारखे घासत गेले, आणि अखेर दोघंही फतकन चिखलात बसली. राजेश्रीच्या मोबाईलमध्ये सगळं उतरलं होतं.

"लागलं का गं?"

मालनबाईंना हसण्यातून बोलता येईना. त्यांच्या अंगठ्याच्या बेचक्यात लिंबाची हिरवी काडी अडकली होती.

"बघितलंस?" सर धापा टाकत म्हणाले. "एका बोटानं!"

मालनबाई त्यांच्या कानाशी झुकल्या. "पाय मारायले होते मी. पैल्यापासून. समोरच्या बायांना दिसत हुतं. तुमच्या बोटाच्या भरवशावर पोतं होऊन बसले असते तर दिवाळीपतुर पाला दिसला नसता!"

सर कानापर्यंत लाल झाले. "म्हणजे माझ्या बोटानं काहीच...?"

"असं कसं? तुमी मागं हाव म्हनून तर इतकं वर जायाची छाती झाली मला."

एवढ्या वर्षांत आपल्या विषयाला कुणी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं. ते मालनबाईंकडं बघत तसेच चिखलात बसून राहिले.

"बघत काय बसलाव?" मालनबाई म्हणाल्या. "उठा आता. लुगडं अडकलंय माझं तुमच्याखाली!"